झाकली मूठ शून्याची

तुक्का हा शब्द मराठी माणूस नाक मुरडल्याशिवाय उच्चारत नाही. आपला मुलगा पास झाला तर त्याने रात्रीचा दिवस केलेला असतो. शेजाऱ्याचा झाला तर त्याचा तुक्का लागलेला असतो. वास्तविक आपले अर्धे आयुष्य तुक्क्यावरच चालते. कांदेपोह्यांची बशी रिकामी होण्याच्या आत जन्माचा जोडीदार पसंत करणाऱ्याला कोणी तुक्केबाज म्हणत नाही. तिथे 'योग' असतो. माळरानावर प्लॉट घेतला आणि पुढे त्याच्या नाकासमोरून चौपदरी रस्ता गेला, तर त्या गृहस्थाला 'दूरदृष्टी' होती असे ठरते. पण परीक्षेच्या कागदावर चार गोळ्यांपैकी एक गोळा एखाद्या पोराने अंदाजाने काळा केला, की तो गोळा कुठून तरी चोरून आणल्यासारखे सारे त्याच्याकडे पाहतात. 'अंदाजपंचे दाहोदरसे!' म्हणून वर शेरा मारतात.

या शेऱ्याविरुद्ध मला आज भांडायचे आहे. माझा अधिकार विचाराल तर मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आमच्या शाखेला विज्ञानवाले गणितात धरत नाहीत आणि कलावाले रसिकांत धरत नाहीत. पण नफा-तोट्याचा हिशेब आम्हाला येतो. यावाच लागतो. संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती खिशातून भरावी लागते, आणि त्या धाकाने जेवढे गणित येते तेवढे कोणत्याही विद्यापीठात येत नाही.

आमचे शहापूर नागपूर-भंडारा रस्त्यावर, भंडाऱ्याच्या अलीकडे. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला हमरस्ता, आणि मधे अठरा ते तीस या वयाची, कसल्या ना कसल्या परीक्षेची तयारी करणारी पोरे. तलाठी, पोलीस, रेल्वे, बँक, एमपीएससी. आणि त्यातल्या त्यात हुशार म्हणून नाव झाले असेल तर नीट. पासबुक भरून घ्यायला आलेले पोरगे काउंटरवरून हळूच विचारते, "काका, बँकेच्या परीक्षेत काय काय येते?" मी सांगतो. मग ते तोच प्रश्न विचारते, जो मला गेल्या कित्येक वर्षांत शेकडो पोरांनी विचारला आहे : "आणि येत नाही ते सोडून द्यायचे ना?"

हे 'येत नाही ते सोडून दे' आमच्या पंचक्रोशीत वेदवाक्य आहे. घरोघरी बाप हेच सांगतो. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर आई दही ठेवते आणि हेच सांगते. आणि आमच्या चौकातल्या टपरीवर रोज संध्याकाळी चहा घेणारे एक निवृत्त गुरुजी हेच सांगतात, फक्त जरा तात्त्विक पातळीवरून. या सगळ्यांना माझा दंडवत. पण त्यांचा सल्ला साफ चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तर मी गप्प बसलो असतो. चुकीच्या सल्ल्यांवर बोलू लागलो तर बँकेत जायला वेळ मिळायचा नाही. हा सल्ला महाग आहे आणि त्याची किंमत आमची पोरे मोजतात, म्हणून बोलतो.

गुरुजींचे पहिले म्हणणे असे की, पर्यायांची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. "चार गोळे दिले की गाढव पण पास होते." गाढवाचे आपण पाहूच. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीला दंड नाही. आपले गाढव डोळे मिटून शंभरच्या शंभर गोळे काळे करते. सरासरीने त्याला पंचवीस गुण पडतील. पस्तीस पडण्याची शक्यता? अशी शंभर गाढवे बसवली तर त्यातले एखाददुसरे पस्तिशी गाठेल. पन्नास हवे असतील तर एक कोटी गाढवे जमवावी लागतील, आणि तरीही एखादे सापडेल याची खात्री नाही. एक कोटी गाढवांची हॉल तिकिटे, बैठक व्यवस्था आणि सकाळचा चारा यांचा विचार केला, तर त्यापेक्षा एका गाढवाला शिकवणे स्वस्त पडेल.

गंमत म्हणून सांगत नाही. २०२३ साली आपल्या राज्यात तलाठ्यांची भरती झाली. साडेचार हजारांवर जागा आणि दहा लाखांवर अर्ज. शंभर प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. समजा, ती दहा लाख माणसे डोळ्यांना पट्टी बांधून बसवली असती, तर त्यातल्या सर्वांत नशीबवान माणसाचे ४७ च्या आसपास प्रश्न बरोबर आले असते. म्हणजे दहा लाखांतले एक नंबरचे नशीब घेऊन आलेला इसमसुद्धा शंभरातले निम्मे प्रश्न गाठत नाही. तेव्हा गुणवत्ता यादीत नाव लागलेल्या पोराला कोणी 'तुक्का लागला' म्हणाले, तर त्याने खुशाल हा आकडा तोंडावर मारावा. (त्या भरतीच्या निकालात दोनशेपैकी दोनशे चौदा गुण मिळालेला उमेदवारही निघाला होता. पण तो तुक्का नव्हे. वेगवेगळ्या दिवशीचे पेपर एका पातळीवर आणण्याच्या सूत्राची ती कृपा. आमच्याकडे कॅश शिलकेपेक्षा जास्त निघाली तरी लेखी खुलासा द्यावा लागतो, म्हणून ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता एवढेच.)

आणि गुरुजींनी निबंधाच्या परीक्षेचे फार गोडवे गाऊ नयेत. पर्यायांची परीक्षा मुळात गुरुजींमुळेच जन्माला आली. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास हा प्रकार काढला. त्याच्या लक्षात आले होते की एकच पेपर दोन मास्तरांना दिला तर दोन तऱ्हेचे गुण पडतात. आमच्या गुरुजींच्या वेळी अक्षर चांगले असले की पाच गुण जास्त आणि बाप सरपंच असला की आठ, हे गुरुजी स्वतःच रंगात आले की सांगतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून पुन्हा लेखी, वर्णनात्मक झाली याचा त्यांना झालेला आनंद मी समजू शकतो. पण पूर्वपरीक्षेची चाळणी अजून गोळ्यांचीच आहे. आधी चाळणीतून खाली पडावे लागते, मग निबंध.

आता मुख्य भानगडीकडे येऊ. तिचे नाव 'निगेटिव्ह मार्किंग'. या दोन शब्दांनी आमच्या भागात जेवढी दहशत बसवली आहे तेवढी वाघानेही बसवलेली नाही. पोराला वाटते, चुकीचे उत्तर दिले की आपल्या कमाईतून दंड जाणार. त्यापेक्षा हात राखून बसावे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेच आहे. पण त्या परीक्षेत झाकल्या मुठीची किंमत छापील आहे, आणि ती शून्य आहे.

हा दंड किती असतो ते एकदा बँकेच्या हिशेबाने पाहा. चार पर्याय आहेत आणि चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, जसे यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत. डोळे मिटून चार गोळे मारले. सरासरीने एक बरोबर, तीन चूक. जमा एक, नावे तीन तृतीयांश म्हणजे एक. शिल्लक शून्य. म्हणजे पूर्ण अडाण्याला नफा नाही, तोटाही नाही. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत पर्याय पाच आणि कापणी पाव गुणाची. पाच गोळ्यांत एक बरोबर, चार चूक, चार पाव म्हणजे एक. पुन्हा शिल्लक शून्य. हा दंड अशा बेताने आखलेला आहे की आंधळ्या तुक्क्याची कमाई तेवढी पुसली जावी. शिक्षा करायचा त्याचा हेतूच नाही. आणि नीटमध्ये तर तेवढेही पुसत नाहीत. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, पर्याय चार. चार गोळ्यांत जमा चार, नावे तीन, शिल्लक एक. एकशेऐंशी प्रश्न निव्वळ डोळे मिटून सोडवणाराला सरासरीने पंचेचाळीस गुण मिळतात. त्यावर तो डॉक्टर होत नाही, ही गोष्ट वेगळी. सातशेवीसपैकी पंचेचाळीस घेऊन कंपाउंडरसुद्धा होता येत नाही. पण ज्या परीक्षेला सगळे सर्वांत भितात, तिथेच अंदाजावर वरकड मिळते, हे किती आईबापांना माहीत आहे?

हा सगळा हिशेब मात्र पूर्ण अडाण्याचा झाला. आणि पूर्ण अडाणी परीक्षेला बसतो कुठे? माणूस परीक्षेला बसतो तो अर्धवट ज्ञान घेऊन. चारपैकी हा नक्की नाही, तो तर मुळीच नाही, उरलेल्या दोघांत काही सुचत नाही, ही खरी अवस्था. या अर्धवट ज्ञानाला आपण 'येत नाही' या सदरात टाकतो. कर्जदाराने अर्धी रक्कम भरली आणि मी ती 'काहीच भरले नाही' अशी लिहिली, तर माझी बदली गडचिरोलीच्या पलीकडे होईल. परीक्षेत मात्र पोरे स्वतःच्याच खात्यात अशी नोंद करून येतात.

आमच्या शेजारच्या मुलीचे उदाहरण देतो. धान पिकवणाऱ्या घरातली पोरगी. पहाटे चारला उठून, घरचे सगळे आवरून अभ्यासाला बसणारी. एका नोकरीच्या परीक्षेत ती सव्वा गुणाने राहिली. कोणती परीक्षा ते सांगत नाही. परीक्षेचा काही दोष नव्हता. चार पर्याय, एका प्रश्नाला एक गुण, चुकीला पाव वजा. निकालाच्या दिवशी ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. सोळा प्रश्न कोरे होते. आणि त्या सोळाही प्रश्नांसमोर तिने पेन्सिलीने दोन-दोन पर्यायांवर बारीक फुली मारलेली होती. मी उत्तरतालिका लावून पाहिली. तिने फुली मारलेल्या बत्तीस पर्यायांपैकी एकही बरोबर उत्तर नव्हते. म्हणजे सोळाच्या सोळा ठिकाणी पोरीने निम्मी वाट बिनचूक काढली होती आणि तिथे थांबून घरी परत आली होती.

"मग उरलेल्या दोनातला एक का नाही मारलास?"

"काका, नक्की नव्हतं ना. बाबा म्हणाले होते, नक्की नसेल तर हात लावू नको."

त्या रात्री मी हिशेब केला. तिने उरलेल्या दोन पर्यायांसाठी प्रत्येक वेळी रुपयाचे नाणे उडवले असते, तर सरासरीने आठ बरोबर, आठ चूक. जमा आठ, नावे दोन, शिल्लक सहा गुण. तिला हवे होते सव्वा. 'पण नशीब फिरले असते तर?' हा प्रश्न बापाच्या तोंडून येणारच, म्हणून तोही हिशेब करून ठेवला. सोळात निदान पाच बरोबर आले असते तरी ती पार झाली असती. आणि सोळा वेळा नाणे उडवून पाच किंवा अधिक वेळा हवी ती बाजू पडण्याची शक्यता शंभरात शहाण्णव आहे. उलट, होते त्यापेक्षा गुण कमी होण्याची शक्यता शंभरात एक. शहाण्णव दरवाजे उघडे होते, एक दरवाजा खड्ड्याकडे जात होता, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्या पोरीला त्या एका दरवाजाची भीती घातली होती.

मी कागद घेऊन तिच्या बाबांकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, मीच सांगतलं होतं तिले. ज्याचं नक्की नाही ते करावं काहून?"

हे वाक्य बोलताना ते कुठे उभे होते ठाऊक आहे? बांधीच्या धुऱ्यावर. मृगाचा पाऊस येईल या अंदाजावर पऱ्हे टाकून बसलेला हा माणूस! पाऊस नक्की नाही. रोवणीला बाया मिळतील हे नक्की नाही. तुडतुडा पडणार नाही हे नक्की नाही. भाव तर ब्रह्मदेवाला नक्की नाही. आणि या सगळ्या अनिश्चितीवर माझ्या बँकेने त्यांना पीककर्ज दिलेले आहे. तेही अंदाजानेच. 'नक्की नसेल तर हात लावू नको' हा नियम त्यांनी स्वतःला लावला असता तर भंडारा जिल्ह्यात धानाची एक लोंबी दिसली नसती, आणि आम्ही लावला असता तर बँकेला कुलूप लागले असते. आयुष्यभर अर्ध्या माहितीवर हिमतीने पाऊल टाकणारा शेतकरी, पोरीच्या बाबतीत मात्र शंभर टक्क्यांची खात्री मागतो.

आणि ही भीती सगळ्यांना सारखी नसते, हे माझे खरे दुखणे आहे. मोठ्या शहरातल्या महागड्या क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात सांगतात : दोन पर्याय उडाले की तिसऱ्याचा विचार करत बसू नका, गोळा मारा. तिथल्या पोराला हे गणित फीमध्ये मिळते. आमच्या पोराला दही आणि वेदवाक्य मिळते. त्यातही पोरींचे अधिक. मुलगा आगाऊपणा करतो तेव्हा त्याला 'हुशार आहे' म्हणतात. मुलगी करते तेव्हा 'जरा जपून' म्हणतात. हा माझा टपरीवरचा शोध नाही. कॅथरीन बाल्डिगा या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा यावरचा प्रयोग २०१४ साली छापून आला. चुकीला दंड नसेल तर सगळेच सगळे प्रश्न सोडवतात. दंड लावला की तेवढ्याच जाणकार बायका पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात, आणि त्यांचे गुण त्यामुळे घटतात. म्हणजे परीक्षा घ्यायची होती ज्ञानाची, आणि घेतली गेली छातीची. ज्याला पोलीस शिपाई निवडायचा आहे त्याने छाती जरूर मोजावी, पण त्यासाठी फूटपट्टी असते.

अमेरिकेच्या सॅट परीक्षेने २०१६ पासून हा दंड काढून टाकला. आपल्या एमएचटी-सीईटीतही तो नाही. म्हणून काही महाराष्ट्रातले इंजिनियर गाढव निपजत नाहीत. निदान निपजत असतील तर त्याची कारणे निराळी आहेत. राजस्थानच्या लोकसेवा आयोगाची तऱ्हा आणखीच न्यारी. तिथे पाचवा गोळा ठेवला आहे, 'मी उत्तर देत नाही' असे सांगणारा, आणि पाचही गोळे कोरे ठेवले तर त्यालाही एक तृतीयांश गुण कापतात. गप्प बसायचे तर तेही लेखी कळवा!

गुरुजींना हे सगळे ऐकवले. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ठीक आहे. उद्या डॉक्टर अंदाजाने पोट कापेल, तेव्हा तुम्ही टेबलावर असा." टपरीवर हशा पिकला. हा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे, म्हणून उत्तर देतो. पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलो तर तो काय करतो? इथे दाबतो, तिथे दाबतो, ताप पाहतो, आणि मनातल्या मनात एकेक पर्यायावर फुली मारत जातो. अपेंडिक्स नाही, खडा नाही, उरले दोन. मग तो तपासणी लिहून देतो किंवा औषध सुरू करतो. 'नक्की नाही, म्हणून मी आपल्याला हात लावत नाही, नमस्कार,' असे म्हणणारा डॉक्टर गुरुजींना चालेल काय? ज्याला काहीही माहीत नाही आणि तरी जो कापतो, तो धोक्याचा, हे मला मान्य. पण त्याची कमाई त्या तृतीयांशाने आधीच शून्य केली आहे. तो पकडला गेला. आता दारात उभा करून ठेवला आहे तो निम्मे जाणणारा.

तेव्हा माझी मागणी आहे, आणि ती अगदी कारकुनी आहे. दंड काढत असाल तर उत्तम. काढायचा नसेल तर निदान तो काय आहे हे सूचनांच्या पानावर धड मराठीत छापा. 'चुकीच्या उत्तराकरिता गुण वजा करण्यात येतील' एवढे काळ्या ठळक अक्षरांत छापून पोराच्या पोटात गोळा आणता, त्याखालीच आणखी एक ओळ घाला : 'एक पर्याय जरी खात्रीने चुकीचा वाटत असेल, तरी उरलेल्यांतून उत्तर देणे सरासरीने फायद्याचे आहे.' शाई कितीशी लागणार? बँकेला कर्जाच्या कागदावर व्याजाचा खरा दर लिहून द्यावा लागतो; परीक्षेच्या कागदावर का नको?

आणि शाळांनाही एक विनंती. दहावीच्या गणितात संभाव्यता नावाचे प्रकरण आहे. त्यात नाणी उडवतात, फासे टाकतात, पत्ते पिसतात. ज्या घरात पत्त्याला हात लावला तर फोडून काढतात, त्या घरातल्या पोराने बावन्न पत्त्यांतून लाल राजा निघण्याची शक्यता काढायची! काढू दे बापडे. पण त्या पोराला जन्मात जुगाराच्या अड्ड्यावर बसायचे नाही, आणि गोळ्यांच्या पेपराला मात्र निदान दहा वेळा बसायचे आहे. मग त्या प्रकरणात एक उदाहरण गोळ्यांचे घालायला काय हरकत आहे? चार पर्याय, दोन उडाले, चुकीला पाव वजा. सोडवावे की सोडावे? दोन ओळींचे गणित आहे. त्यावर त्या पोराची नोकरी अवलंबून असू शकते. लाल राजावर नाही.

ही मागणी मी टपरीवर वाचून दाखवली तेव्हा गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "असे उघड छापले तर सगळीच पोरे गोळे मारतील हो."

मारू द्या ना गुरुजी. क्लासवाल्यांची पोरे आजही मारतातच आहेत.